मराठी पुस्तकात हिब्रू: चौकोन, उलटे शब्द आणि सरकलेले ठिपके

तुमची अडचण मला समजली ती अशी. आजोबांच्या मराठी आठवणींचं पुस्तक तुम्ही लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये लावताय. आजोबा अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, त्यामुळे वहीत मधूनमधून हिब्रू आहे: शब्बाथचे आशीर्वाद, सणांची नावं, थडग्यांवरचे लेख. तो मजकूर फाइलमध्ये चिकटवला की कुठे मोकळे चौकोन येतात, कुठे शब्दांचा क्रम उलटा होतो, आणि जिथे अक्षरं जागेवर असतात तिथे त्यांच्याखालचे ठिपके भलतीकडे सरकतात. चार फॉन्ट बदलून झाले, आणि आता तुम्ही विचारताय की हिब्रूसाठी खात्रीचा फॉन्ट कोणता.

फॉन्टची नावं पुढे सांगतोच. पण त्याआधी हे पक्कं करा की तुमच्याकडे दुखणी तीन आहेत आणि तिन्हींवर तुम्ही एकच गोळी देताय. चौकोन येतात कारण चालू फॉन्टात ते अक्षरच नसतं. शब्दांचा क्रम उलटतो कारण मजकूर उजवीकडून डावीकडे जातो हे कोणी लाटेकला सांगितलेलं नाही, आणि यात फॉन्टचा काडीचाही दोष नाही. ठिपके सरकतात कारण ते कुठे बसवायचे याची माहिती फॉन्टात नाही, किंवा आहे पण वापरली जात नाही. म्हणून फॉन्ट बदलला की एक बरं होतं, दुसरं तसंच राहतं, आणि आपल्याला वाटतं फॉन्टच वाईट.

मराठी नीट उमटतंय म्हणजे तुम्ही झीलाटेक किंवा लुआलाटेक ही लाटेकची नवी रूपं वापरत असणार. दोन्ही चालतील. जुन्या पीडीएफलाटेकच्या काळात हिब्रूसाठी वेगळं एन्कोडिंग आणि वेगळे फॉन्ट असा संसार होता. तशी एखादी फाइल कोणी पाठवली तर तिच्यातला मजकूर तेवढा घ्या, वरच्या सेटिंग्ज फेकून द्या.

चौकोनांचं काम पाच मिनिटांचं आहे. देवनागरी फॉन्टांत हिब्रू अक्षरं सहसा नसतातच, आणि लाटेकचा मूळचा लॅटिन मॉडर्न फॉन्टही इथे कामाचा नाही. वर्डसारखे प्रोग्रॅम अशा वेळी गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून अक्षर उचलतात. लाटेक तसं करत नाही. ते चौकोन किंवा मोकळी जागा सोडतं आणि लॉग फाइलमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' अशी ओळ लिहून गप्प बसतं. लॉग कोण वाचतो! म्हणून फाइलच्या सुरुवातीला ट्रेसिंगलॉस्टकॅरॅक्टर्स (प्रत्यक्ष कमांडमध्ये शेवटचा शब्द 'चार्स' असा तोडलेला आहे) ही किंमत ३ करून टाका. टेकलाइव्हच्या (लाटेक ज्या संचातून मिळतं त्याच्या) २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत मग हरवलेलं प्रत्येक अक्षर ही चूक ठरते आणि काम तिथेच थांबतं. दोनशे पानांच्या पुस्तकात एक चौकोन छापून जाण्यापेक्षा ते परवडलं.

आता दिशा. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते.

झीलाटेकमध्ये दिशा न सांगता हिब्रू ओळ टाकली तर एक फसवा प्रकार दिसतो: प्रत्येक शब्दाच्या पोटातली अक्षरं बरोबर क्रमाने येतात, पण शब्द मात्र डावीकडून उजवीकडे मांडले जातात. एकच शब्द असेल तर सगळं ठीक दिसतं. म्हणूनच तुम्हाला 'काही ठिकाणी' उलटं वाटतंय. जिथे एकेक शब्द आहे तिथे तुम्ही नशिबाने वाचलात, जिथे वाक्य आहे तिथे सापडलात.

अशा वेळी हात शिवशिवतो, आणि माणूस शब्दांचा क्रम फाइलमध्येच उलटा करून टाकतो. मीही केलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पत्रिकेत वर हिब्रू वचन हवं होतं. मी शब्द उलट क्रमाने टाइप केले, पडद्यावर झकास दिसलं. मग घरच्यांनी अक्षर जरा मोठं करायला सांगितलं आणि ओळ तुटून दोन ओळी झाल्या. वचनाचा शेवट वरच्या ओळीत आणि सुरुवात खालच्या ओळीत! पत्रिका वाटून झाल्यावर वधूच्या आजीने ते वाचलं. ती रागावली नाही, हसली, आणि ते जास्त लागलं. तेव्हापासूनचा नियम: मजकूर ज्या क्रमाने वाचला जातो त्याच क्रमाने फाइलमध्ये असला पाहिजे. उलटवण्याचं काम लाटेकचं. ओळ कुठे तुटणार हे फक्त त्यालाच माहीत असतं, म्हणून क्रमही त्यानेच लावायचा.

ही अडचण टेकच्या, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रॅमच्या, घरात जुनी आहे. टेकचे जनक डोनाल्ड क्नूथ आणि पिअर मॅके यांनी १९८७ मध्ये दोन्ही दिशांचा मजकूर एकाच परिच्छेदात बसवण्याची रीत मांडली होती, आणि झीलाटेकमधली आजची सोय तिच्याच वंशातली आहे. तुम्हाला त्या पातळीवर उतरायची गरज नाही. पॉलिग्लॉसिया हे अनेक भाषांसाठीचं पॅकेज घ्या, मुख्य भाषा मराठी ठेवा, इतर भाषा म्हणून हिब्रू जोडा. मग फॉन्टस्पेक या फॉन्टांच्या पॅकेजमधल्या न्यूफॉन्टफॅमिली कमांडने हिब्रूचा फॉन्ट ठरवा. त्या कुटुंबाचं नाव मनाने ठेवू नका, ते 'हिब्रूफॉन्ट' असंच हवं, पॉलिग्लॉसिया नेमकं तेच शोधतं. वाक्यात मधे येणारे शब्द टेक्स्टहिब्रू या कमांडच्या महिरपी कंसात घाला, आणि अख्खी प्रार्थना असेल तर हिब्रू नावाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये. क्रमाचा प्रश्न तिथेच सुटतो. हिब्रूतले गोल कंसही आपोआप आरशातल्यासारखे फिरतात, म्हणून वाचताना आधी येणारा कंस आधीच टाइप करायचा. पडद्यावर तो 'चुकीचा' दिसला तरी हात लावायचा नाही.

इथे एक ठेच लागते. झीलाटेकमध्ये हिब्रू जोडलं की मागच्या दाराने बिडी नावाचं पॅकेज येतं, आणि ते फार मानी आहे. आपल्यानंतर दुसरी काही पॅकेजं आलेली त्याला खपत नाहीत. 'ऊप्स!' अशी सुरुवात असलेली चूक दिसली तर घाबरू नका. चुकीत ज्या पॅकेजचं नाव असेल ते वर नेऊन ठेवा. मी तर भाषांची सगळी व्यवस्था फाइलमधल्या सेटिंग्जच्या अगदी तळाशी, मजकूर सुरू होण्याच्या जरा आधी ठेवतो.

लुआलाटेक वापरत असाल तर बाबेल हे भाषांचं दुसरं पॅकेज घ्या आणि त्याच्या 'बिडी' या पर्यायाला 'बेसिक' ही किंमत द्या. त्यात युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचा) दोन-दिशांचा नियम स्वतः लागू होतो. शिवाय बाबेलप्रोव्हाइडमध्ये 'ऑनकॅरॅक्टर'चा पर्याय दिला (इथेही नाव तोडलेलं, पण 'चार' असं एकवचनी) की अक्षर हिब्रू आहे हे ओळखून भाषा आणि फॉन्ट दोन्ही बदलले जातात, दर शब्दाला कमांड लावावी लागत नाही. पूर्ण हिब्रू परिच्छेद मात्र तरीही भाषेच्या एन्व्हायर्नमेंटमध्येच घाला, नाहीतर परिच्छेदाची मूळ दिशा मराठीची राहते आणि शेवटची अपुरी ओळ डावीकडे चिकटते. देवनागरी आणि हिब्रू दोन्ही फॉन्टांना रेंडरर (अक्षरं आणि खुणा जागेवर बसवणारा भाग) म्हणून हार्फबझ सांगा. २०२०च्या टेकलाइव्हपासून तो लुआलाटेकच्या पोटातच आहे.

माझं मत विचाराल तर तुमच्या पुस्तकाला बाबेल आणि लुआलाटेक. झीलाटेक वेगात पुढे आहे, पण वाक्यावाक्याला एक हिब्रू शब्द असलेल्या मजकुरात दहा ठिकाणी तरी टेक्स्टहिब्रू लावायचं विसरतंच.

या रीतीत एक गोष्ट मराठी माणसाच्या पथ्यावर पडते. युनिकोडच्या नियमात इंग्रजी अंक (0 ते 9) दिशेच्या बाबतीत दुबळे मानले आहेत, शेजारी हिब्रू असेल तर ते तिच्या मागे जातात. म्हणजे मराठी वाक्यात हिब्रूत 'तेहिलीम' (स्तोत्रं) लिहून पुढे इंग्रजी अंकांत एकशे एकवीस टाकलं तर आकडा हिब्रू शब्दाच्या डावीकडे उडी मारतो. देवनागरी अंकांना मात्र अक्षरांसारखीच ठाम डावी-उजवी दिशा दिलेली आहे. १२१ असं लिहा, तो शब्दाच्या उजवीकडेच राहील. याची उलटी बाजूही लक्षात ठेवा: हिब्रू प्रार्थनेच्या आत श्लोकांचे क्रमांक देवनागरीत घातले तर ते मधे घुसलेल्या मराठी शब्दासारखे वागतात आणि आजूबाजूची विरामचिन्हं हलवतात. प्रार्थनेच्या आत इंग्रजी अंक किंवा हिब्रू अक्षरांचे आकडे, बाहेर मराठी अंक.

आता ठिपके. निकूद, म्हणजे स्वर दाखवणारे हे ठिपके, आपल्या काना-मात्रांचे चुलतभाऊच, फरक इतकाच की हिब्रूत ते एरवी गाळले जातात. इस्रायलमधलं वर्तमानपत्र त्यांच्याविना छापतात आणि लोक बिनदिक्कत वाचतात. प्रार्थनेत, कवितेत आणि मुलांच्या पुस्तकात ते लागतात. फाइलमध्ये प्रत्येक खूण हे स्वतंत्र अक्षर असतं, मूळ अक्षराच्या मागे उभं. ते अक्षराच्या नेमकं कुठे खाली, पोटात की डोक्यावर बसवायचं याची कोष्टकं फॉन्टात असतात. कोष्टकं उघडायची तर लिपी हिब्रू आहे हे फॉन्टस्पेकला सांगावं लागतं: फॉन्ट ठरवताना 'स्क्रिप्ट'चा पर्याय हिब्रू असा द्यायचा. तुमच्या चार फॉन्टांपैकी निदान दोन तरी केवळ या एका शब्दावाचून नापास झाले असतील अशी माझी पैज.

फॉन्ट पारखायला मी दोन शब्द वापरतो, दोन्ही तुमच्या आजोबांच्या वहीत नक्की असतील. पहिला 'बारूख', बहुतेक आशीर्वादांचा पहिला शब्द. त्यात सुरुवातीच्या बेत या अक्षराच्या पोटात दागेशचा ठिपका आणि खाली कामात्स ही स्वरखूण, मधे वावच्या पोटात ठिपका, आणि शेवटी लांब शेपटीच्या काफमध्ये श्वाचे दोन ठिपके. ते दोन ठिपके त्या काफच्या खाली नाही, आत बसतात. तकलादू फॉन्टात ते शेपटीवर आपटतात किंवा पार खालच्या ओळीत जातात. दुसरा शब्द 'शमा'. त्यातल्या शिनच्या उजव्या दातावर ठिपका आणि खाली श्वा. तोच ठिपका डाव्या दातावर गेला की अक्षर 'स'चं होतं, म्हणून तो मधोमध तरंगत असेल तर फॉन्ट सरळ बाद. हे दोन शब्द चोवीस पॉइंटात छापून पाहा, पडद्यावर नाही, कागदावर.

बायबलमधले लांब उतारे असतील तर आणखी एक खोच आहे. युनिकोडने हिब्रू खुणांना दिलेले क्रम पुढे चुकीचे वाटले तरी बदलता येत नाहीत, स्थैर्याच्या धोरणाने ते कायमचे गोठलेत. बायबलात 'यरुशलाइम' (जेरुसलेम) बहुतेक ठिकाणी योद हे अक्षर गाळून लिहितात, त्यामुळे एकाच लामेदखाली दोन स्वर येतात, आधी पाताह किंवा कामात्स आणि मग हिरीक. एखाद्या संपादकाने किंवा वेबसाइटने मजकूर 'नॉर्मलाइज' केला की हिरीक पुढे सरकतो आणि दोन्ही स्वर अदलाबदली होऊन छापले जातात. उपाय म्हणजे दोघांच्या मधे कम्बाइनिंग ग्राफीम जॉइनर हे अदृश्य अक्षर घालायचं. चांगल्या स्रोतातल्या मजकुरात ते आधीच असतं, म्हणून 'अदृश्य कचरा साफ करा' अशी बटणं दाबू नका. हाच शब्द योदसह पूर्ण लिहिलेला असेल तिथे हा प्रश्न नाही.

आता फॉन्टची नावं. साधा किंवा निकूद असलेला मजकूर असेल तर कुलमुस या हिब्रू फॉन्टांच्या प्रकल्पातला फ्रँक रूल सीएलएम. तो मुक्त आहे आणि इस्रायली पुस्तकांचं रोजचं वळण त्यात आहे. मूळ अक्षरं लाइपझिगचे हझान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे) राफाएल फ्रँक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सी. एफ. रूल या छपाईचे टाइप ओतणाऱ्या फाउंड्रीसाठी काढली. त्यातल्या जाड आडव्या रेघा आपल्या शिरोरेषेच्या शेजारी छान बसतात, मराठी पानावर मला हेच वळण आवडतं. डेव्हिड सीएलएम हलका आहे, इस्मार डेव्हिड यांच्या १९५४ च्या अक्षरांवरून घेतलेला, पण देवनागरीच्या बाजूला तो फिका पडतो. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या पठणाच्या चालीच्या खुणाही हव्या असतील तर तआमे फ्रँक सीएलएम किंवा एझ्रा एसआयएल. एसबीएल हिब्रू या कामात फार पक्का आहे, मात्र त्याची मोफत परवानगी बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे, पुस्तक विकणार असाल तर परवाना वाचूनच वापरा. नोटो सेरिफ हिब्रू नावांपुरता ठीक.

मापाचं पाहा. हिब्रू अक्षरं पायरेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकतात. सारख्या पॉइंटात ठेवली तरी डोळ्याला सारखी दिसत नाहीत. फॉन्टच्या 'स्केल' पर्यायात आकडा बदलत जा, आणि 'हे' नावाच्या हिब्रू अक्षराची वरची रेघ शिरोरेषेच्या जरा खाली आली की थांबा. रेघ शिरोरेषेच्या वर गेली की हिब्रू ओरडल्यासारखी वाटते. तिरपं अक्षर विसराच. हिब्रूत ती रूढी नाही, जशी देवनागरीतही मुळात नाही. जोर द्यायचा तर ठळक. आणि हिब्रू शब्द ओळीच्या शेवटी तोडत नाहीत, त्यामुळे अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट धरू नका, ओळींत भोकं पडतील. जुने लेखनिक अशा वेळी आलेफ, लामेद, ताव अशी काही अक्षरं ताणून रुंद करत.

फाइल सांभाळायची युक्ती सांगतो, ती फॉन्टपेक्षा जास्त वेळ वाचवेल. मराठी, हिब्रू आणि तिरप्या रेघेच्या कमांड एकाच ओळीत आल्या की एडिटरमध्ये कंस कुठला कुठे दिसतो काही कळत नाही, आणि दुरुस्ती करताना माणूस चुकीचंच अक्षर खोडतो. म्हणून सगळं हिब्रू एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, प्रत्येक उताऱ्याला एक रोमन नावाची कमांड. मुख्य मजकुरात फक्त ती नावं येतील. हिब्रू वाचणाऱ्या नातेवाइकाला तपासायला ती एकच फाइल देता येते, हा वरचा फायदा.

थडग्यांवरची वर्षं अक्षरांत असतात. १९४७च्या शरद ऋतूपासून १९४८च्या शरदापर्यंतचं ५७०८ हे वर्ष ताव, शिन, हेत असं लिहितात: चारशे, तीनशे, आठ, पाच हजार गृहीत. शेवटच्या अक्षराआधी येणारी दुहेरी खूण म्हणजे गेर्शायिम, तिला युनिकोडमध्ये स्वतःचं अक्षर आहे. तिथे इंग्रजी अवतरणचिन्ह टाकलं तर काही पॅकेजं ते वळणदार करून टाकतात. पंधरा आणि सोळा हे आकडे दहा अधिक पाच, दहा अधिक सहा असे लिहीत नाहीत, नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात असे लिहितात, कारण पहिल्या रीतीत देवाच्या नावाची अक्षरं जुळतात. लेखात तेत-वाव दिसलं तर ते 'दुरुस्त' करू नका.

आणि 'शमा इस्राएल' तुम्ही पूर्ण देणारच. बेने इस्रायलांत सांगतात की बाकी सगळं विस्मरणात गेलं तेव्हाही ही प्रार्थना कोकणात टिकली होती. तोऱ्याच्या गुंडाळीत तिच्या पहिल्या शब्दातलं शेवटचं आयिन आणि 'एहाद' या शब्दातलं शेवटचं दालेत मोठं लिहितात. लाटेकमध्ये ते सोपं आहे: हिब्रू अक्षरं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे शब्दाच्या मधे माप वाढवलं तरी काही तुटत नाही. एरवी अक्षराबरोबर त्याची स्वरखूणही त्याच कंसात घ्यावी लागली असती, पण या दोन्ही अक्षरांना स्वरखूण नाहीच. दीडपट पुरे. ओळींमधलं अंतर तेवढं आधीच ठरवून बांधा, नाहीतर ती एक ओळ खाली ढकलली जाईल.

१८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे पेसाह सणाच्या जेवणाची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका पेसाहसाठी मत्झा (बिनखमिराची भाकरी) भाजताना दिसतात. ती शिळाछापाची, म्हणजे दोन्ही लिप्या हाताने लिहिलेल्या, त्यामुळे आपली निम्मी डोकेदुखी त्या लोकांना नव्हती. तिची पानं पाहायला मिळाली तर दोन लिप्यांची मापं कशी जुळवली आहेत ते बघा.

शेवटचं काम मुद्रितांचं. देवाचं चार अक्षरी नाव ज्या कागदावर पूर्ण छापलं जातं तो कागद धार्मिक ज्यू टाकून देत नाहीत, तो गेनिझात (अशा कागदांसाठी राखलेल्या जागेत) ठेवून पुढे पुरतात. तुमची निदान पाच-सहा मुद्रितं निघतील. म्हणून त्या नावासाठी एक कमांड करा, जी मुद्रितात नुसतं 'हे' हे अक्षर आणि गेरेशची एकेरी खूण छापेल आणि अखेरच्या प्रतीत पूर्ण नाव. एका ओळीचा बदल आहे. आतापर्यंत जी पानं पूर्ण नावासकट छापली असतील, चौकोनवाली आणि उलटी धरून, ती रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या.